आनंदीबाईंच्या डीनबाई: रेचल बॉडली



आपल्या जुन्या जालन्यातील मुलगी उच्च शिक्षणासाठी परगावी निघाली म्हणजे आपण प्रथम महाविद्यालयाचे नाव विचारतो; तेथे तिला सांभाळणारे कोण, हा प्रश्न मागाहून सुचतो. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. आज आम्ही त्यांच्या महाविद्यालयाच्या डीन, रेचल बॉडली, यांच्याविषयी चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

बॉडलीबाईंचा जन्म 1831 साली अमेरिकेतील सिनसिनाटी शहरी झाला. 1865 साली त्या फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागल्या. काळ मोठा कठीण होता. 1869 साली तेथील विद्यार्थिनी शहरातील रुग्णालयात व्याख्यानास गेल्या असता पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडविली. 1874 साली बाई डीन झाल्या. शिकलेल्या स्त्रिया पुढे वैद्यकी टाकून देतात, असा आक्षेप त्या काळी घेतला जाई. बाईंनी 1881 साली हयात असलेल्या 244 पदवीधर स्त्रियांस प्रश्न धाडले. 189 जणींची उत्तरे आली. बहुतेक जणी वैद्यकी करीतच होत्या! आक्षेपकांपुढे असा हिशेब ठेवण्याची ही रीत आम्हांस फार भावते.

1883 साली आनंदीबाई तेथे पोहोचल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी निघण्यापूर्वीच भर सभेत सांगितले होते. बॉडलीबाई श्रद्धावान ख्रिस्ती होत्या, परदेशी सेवेस जाणाऱ्या मिशनरी डॉक्टर स्त्रियांविषयी त्यांना आस्था होती. तथापि या मुलीला प्रवेश देताना त्यांनी धर्म आड येऊ दिला नाही. हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर लिहिलेला तिचा प्रबंधही तेथे मान्य झाला. 11 मार्च 1886 रोजी तिला पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. ही वार्ता बाईंनी व्हिक्टोरिया राणीस कळविली. शिष्येचा असा अभिमान बाळगणारे गुरुजन थोडेच!

26 फेब्रुवारी 1887 रोजी आनंदीबाई पुण्यास निवर्तल्या; वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याच वर्षी रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील आपला इंग्रजी ग्रंथ आनंदीबाईंच्या स्मृतीस अर्पण केला, आणि त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंनी लिहिली. पुढे 15 जून 1888 रोजी, डीनपदावर असतानाच, बाईंचेही देहावसान झाले.