कालव्यावरची कुटुंबे आणि फोटोमागची नावे

(आपल्या मंचाच्या मासिक बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर. बैठकीत दाखवलेले फोटो इमेलमधून पाठवता येत नाहीत, म्हणून त्यांचे वर्णन मजकुरातच केले आहे.)



वॉशिंग्टन डीसीच्या आसपास राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी चेसापीक अँड ओहायो कालवा पाहिला आहे. देशातून पाहुणे आले की आपण त्यांना ग्रेट फॉल्सला नेतो, कालव्याच्या काठाने चालवतो, फोटो काढतो. १८२८ साली या कालव्याचे काम सुरू झाले आणि १८५० साली तो जॉर्जटाऊनपासून कंबरलंडपर्यंत पोचला. लांबी साडेचौऱ्याऐंशी अधिक शंभर, म्हणजे १८४.५ मैल, आणि बोटी वर-खाली चढवण्या-उतरवण्यासाठी ७४ लॉक. मुख्य माल म्हणजे कंबरलंडचा कोळसा. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक थांबली ती कायमचीच. १९३८ मध्ये सरकारने कालवा विकत घेतला आणि १९७१ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले.

आज बोलायचे आहे ते हा कालवा चालवणाऱ्या कुटुंबांबद्दल. कालव्याचे शेकडो जुने फोटो सरकारी संग्रहांत आहेत. बऱ्याच फोटोंखाली जागेचे नाव असते, कधी बोटीचा नंबर असतो. खेचरांची जोडी असेही लिहिलेले असते. पण बोटीवर उभी असलेली बाई कोण, खेचरांमागे अनवाणी चालणारा मुलगा कोणाचा, हे लिहिलेले नसते.

मग ही माणसे ओळखायची कशी? पहिला प्रश्न असा की हे काम करणारे कुटुंब आहे, की सहलीला आलेले लोक आहेत? शहरातली मंडळी कालव्यावर हौसेने बोटीतून फिरत असत आणि त्यांचेही फोटो आहेत. काम करणारे कुटुंब त्याच्या संसारावरून कळते. बोटीच्या मागच्या टोकाला छोटी खोली, तिच्या छपरातून निघालेले चुलीचे धुराडे, दोरीवर वाळत घातलेले कपडे. पुढच्या टोकाला खेचरांचा तबेला, कारण एक जोडी ओढत असताना दुसरी जोडी बोटीवर विश्रांती घेत असे. कधी लहान मूल कमरेला दोरी बांधून खोलीच्या छपरावर ठेवलेले दिसते. आपल्याला धक्का बसतो, पण मूल पाण्यात पडू नये म्हणून आईने केलेली ती सोय होती, कारण तिच्या हातात बहुधा सुकाणू असे.

दुसरा प्रश्न काळाचा आणि दिशेचा. बोटीवर नाव आहे की नंबर? १९०२ मध्ये कॅनॉल टोएज कंपनी स्थापन झाली. तिच्या बोटींना नावांऐवजी नंबर दिले गेले. त्यामुळे नंबर दिसला तर फोटो बहुधा त्यानंतरचा. बोट पाण्यात खोल बसली असेल तर ती कोळसा भरून जॉर्जटाऊनकडे निघाली आहे. वर तरंगत असेल तर रिकामी परत चालली आहे. नंबर उलटा दिसला तर काच उलटी ठेवून छापलेला फोटो आहे आणि डावे-उजवे सगळे बदलून वाचावे लागते.

तिसरा प्रश्न नावाचा, आणि इथे कागद लागतात. कंपनीच्या नोंदींत कप्तानाचे नाव मिळते. त्यावरून जनगणनेकडे जायचे. आता गंमत पाहा. १९०० ची जनगणना १ जूनची होती. तेव्हा कालव्याचा हंगाम भरात, म्हणजे कुटुंब घरी सापडण्याची शक्यता कमी. १९२० ची जनगणना १ जानेवारीची. तेव्हा कालवा बंद, बोटी अडकलेल्या, आणि कुटुंबे शार्प्सबर्ग, विल्यम्सपोर्ट, हॅनकॉक अशा गावांत हिवाळा काढत असलेली. म्हणून जानेवारीच्या यादीत अख्खे कुटुंब वयानुसार सापडू शकते. १९०० आणि १९१० च्या यादीत तर बाईला किती मुले झाली आणि किती जगली, हेही विचारलेले आहे. १८९० ची यादी मात्र जवळजवळ सगळी नष्ट झाली आहे. एवढे करून फोटोतल्या मुलांची वये यादीशी जुळवायची आणि शेवटी वंशजांना विचारायचे. तीन पुरावे एकाच दिशेला जात नसतील तर नाव लिहायचे नाही. चुकीचे नाव देणे म्हणजे एकाची ओळख काढून दुसऱ्याला देणे.

पण मुळात ही नावे हरवली का? फोटोग्राफरचा निष्काळजीपणा हे एक कारण झाले. खरे कारण हिशेबाच्या वहीत आहे. पैसे फेरीमागे मिळत आणि ते कप्तानाला मिळत. बायको सुकाणू धरत होती, स्वयंपाक करत होती, मुले खेचरे हाकत होती, पण पगाराच्या कागदावर नाव एकट्या बापाचे. अमेरिकेच्या चिल्ड्रन्स ब्यूरोने केलेली पाहणी १९२३ साली प्रसिद्ध झाली. तीत या कुटुंबांचा कामाचा दिवस कमीत कमी पंधरा तासांचा आणि बहुधा अठरा तासांचा असल्याचे आढळले. कालवा चालवणाऱ्यांनाही ठाऊक होते की मुलांशिवाय कालवा एक दिवस चालणार नाही. शाळा काय ती हिवाळ्यात.

आणि कायदा? बालमजुरीविरुद्धचा १९१६ चा संघराज्याचा कायदा सुप्रीम कोर्टाने १९१८ मध्ये रद्द केला, दुसरा प्रयत्न १९२२ मध्ये रद्द झाला. १९३८ मध्ये कायदा टिकला, तोवर कालवा बंद पडून चौदा वर्षे झाली होती. त्यातही आईबापांनीच स्वतःच्या मुलाला कामाला लावले तर बऱ्याच प्रकारच्या कामांत सूट ठेवली गेली. कुटुंबाचे काम म्हणजे काम नव्हेच, ही समजूत किती चिवट आहे ते यावरून दिसते.

याच काळात लुईस हाइन हा फोटोग्राफर गिरण्यांतल्या आणि खाणींतल्या मुलांचे फोटो काढत होता आणि जमेल तिथे नाव, वय, पत्ता लिहून घेत होता. तरीही चूक झालीच. १९१० साली व्हरमाँटमधल्या एका गिरणीत काढलेल्या मुलीच्या फोटोखाली ॲडी लेअर्ड असे नाव पडले. १९९८ मध्ये तो फोटो टपाल तिकिटावर आला. पुढे लेखिका एलिझाबेथ विन्थ्रॉप यांनी शोध घेतला तेव्हा कळले की ती ॲडी कार्ड, आणि ती १९९३ पर्यंत हयात होती. म्हणजे तिचा चेहरा देशभर गेला तेव्हा तिला जाऊन पाचच वर्षे झाली होती. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये काढलेल्या प्रसिद्ध फोटोतल्या आईचे, फ्लॉरेन्स थॉम्पसनचे, नाव जगाला १९७८ मध्ये कळले. त्या फोटोचा आपल्याला काहीही लाभ झाला नाही, ही खंत तिने स्वतः बोलून दाखवली.

हे सगळे अमेरिकेचे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे १८६८ पासून ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे खंड निघाले. त्यांत बहुतेक फोटोंखाली माणसाचे नाव नाही, जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. माणूस गेला, नमुना उरला.

आणि आजचे पाहा. बीडची ऊसतोड कुटुंबे. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल मुकादमाकडून, ती बहुधा नवऱ्याच्या नावावर. मोळ्या बांधणारी, डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी बाई हिशेबात अर्धा कोयता. कालव्यावरच्या मुलांना निदान हिवाळ्यात शाळा मिळे. उसाच्या फडावर गेलेल्या मुलांची नेमकी दिवाळीनंतरची शाळा बुडते. शंभर वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर, पण वही तीच.

आपण इथून महाराष्ट्रातल्या संस्थांना मदत पाठवतो. निधी जमवताना माहितीपत्रकावर एखादा फोटो छापतो आणि खाली लिहितो, ‘एक ऊसतोड महिला’. माझी सूचना साधी आहे. फोटो वापरण्याआधी तिची परवानगी घेतली आहे का, हे संस्थेला विचारावे. नाव छापलेले तिला चालेल का, हेही विचारावे. मुकादमाच्या भीतीने ती नको म्हणाली तर तिचे म्हणणे अखेरचे. हो म्हणाली तर नाव, गाव आणि काम नीट लिहावे.

दुसरे काम घरातले. आईवडिलांच्या अल्बममधल्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा. त्यात धुणेभांडी करणाऱ्या मावशी, शेतावरचे गडी, लग्नात पंगत वाढणारे लोकही असतील. त्यांची नावे सांगू शकणारी माणसे आता ऐंशी-पंच्याऐंशीची आहेत. या रविवारच्या फोनवर तब्येतीची चौकशी झाली की हाही एक प्रश्न विचारा.