प्रेमकथेची पत



'कादंबरी' हा शब्द आपण सारेच वापरतो. पण तो मुळात एका मुलीचं नाव आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. सातव्या शतकात बाणभट्टाने संस्कृतात एक प्रेमकथा रचली, तिच्या नायिकेचं नाव कादंबरी. पुढे मराठीने तेच नाव सबंध वाङ्मयप्रकाराला दिलं. गंमत अशी, की जिच्या नावाने हे घर उभं राहिलं, तिच्याच जातकुळीच्या प्रेमकथेला आपण आत घेत नाही, ओसरीवरच बसवतो. 'कसल्या त्या प्रेमाच्या कादंबऱ्या वाचत बसतेस?' हे वाक्य कोणत्या घरात ऐकू आलं नाही? आणि आम्ही मास्तरमंडळी तर ते बोलण्यात सर्वांच्या पुढे!

नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 सालची. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली अडचण मोकळेपणाने सांगितली आहे. आपल्या लग्नाच्या चालीच अशा, की रोजच्या आयुष्यात मन वेधून घेण्याजोगं काही घडत नाही. मग मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडेच वळावं लागतं, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. थोडा विचार करा. पोर भातुकली खेळण्याच्या वयात बोहल्यावर चढे. कोण आवडतो नि कोण नाही, हे तिचं तिला कळण्याआधीच सारं ठरून जाई. मग कथेतल्या प्रेमाला राजवाड्यावाचून जागा कुठे उरली? पुढच्या टीकाकारांनी या पुस्तकांकडे पाहून नाकं मुरडली. दोष लेखकांचा होताच. पण थोडा घराघरांतल्या रीतीचाही होता.

ही रीत हळूहळू बदलली. 1929 साली शारदा कायदा मंजूर झाला आणि मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरलं. शहरांतून मुली कॉलेजात दिसू लागल्या होत्या. त्याच वर्षी ना. सी. फडके यांची 'दौलत' आली. प्रेमकथा आता आपल्याच काळातल्या तरुण-तरुणींची झाली. वाचकांच्या उड्या पडल्या, आणि टीकाही तितकीच झाली. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा फडके-खांडेकरांचा वाद जाणत्या श्रोत्यांना आठवत असेल. फडक्यांच्या जगात दुष्काळ वाऱ्यालाही उभा राहत नाही, हा आक्षेप मलाही मान्य आहे. शेतावरच्या माणसाला त्यात आपलं काही सापडायचं नाही. तरीपण आपलं मन काय म्हणतं, हा प्रश्न तिथली मुलगी स्वतःला विचारू शकते. ही गोष्ट लहान समजू नका.

एक प्रेमकथा तर थेट कोर्टात गेली. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या 1962 सालच्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. हायकोर्टाने पंचवीस रुपये दंड केला, अंक नष्ट करायला सांगितलं. 1969 साली सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. समाजाचे मापदंड झपाट्याने बदलत आहेत, आणि प्रेमाचं वर्णन असलेलं कितीतरी साहित्य तरुणांच्या हाती आधीपासूनच आहे, याचा न्यायमूर्तींनी विचार केला. प्रेमकथा वाचून पोरं बिघडतात, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा निकाल एकदा अवश्य वाचावा.

प्रत्येक प्रेमकथा चांगली असते, असं मी म्हणत नाही. पुष्कळशा पाणी घातलेल्या ताकासारख्या असतात. पण मुलाच्या हातून पुस्तक हिसकावण्याआधी ते आपण वाचलं आहे का?

माझ्या ओळखीचे एक शिक्षक आहेत, खेडेगावात नववीला मराठी शिकवतात. एका मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकाआड त्यांना एक कादंबरी सापडली. ती त्यांनी जप्त केली, घरी नेली आणि रात्री चक्क वाचून काढली. सकाळी पुस्तक परत देताना त्यांनी एवढंच विचारलं, "शेवट पटला का गं तुला?"

मुलगी आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, तिनं त्या मुलाला नाही म्हटलं, ते बरोबर केलं ना? आमच्या ताईला परवा पाहुणे बघून गेले. तिला कुणी काही विचारलंच नाही."

भूगोलाचं पुस्तक मिटलेलंच राहिलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली, तरी वर्गातलं कोणी जागचं उठलं नाही.