लहान महाविद्यालयांचे मोठेपण



बारावीचा निकाल लागला की भोकरदन तालुक्यातल्या धावड्यासारख्या गावात घरोघरी एकच खल सुरू होतो. मुलाला पुढे शिकायला कुठे पाठवायचे? एक म्हणतो, पुण्याला पाठवा. तिथल्या अमक्या कॉलेजात नव्वद टक्क्यांच्या खाली उभे करीत नाहीत, म्हणजे कॉलेज चांगलेच असणार. दुसरा म्हणतो, एवढा खर्च कोणी सांगितला? जवळच्या कॉलेजात नाव घालू, पोरगा शेतीकडेही बघेल. मुलगी असली तर हा खल पुष्कळदा दोन वाक्यांतच संपतो. या बोलण्यात आपण एक गोष्ट धरूनच चालतो. जे कॉलेज पुष्कळांना परत पाठवते ते थोर, आणि जे येईल त्याला घेते ते हलके. हे कितपत खरे आहे, ते आज आपण पाहू.

लहान कॉलेजांचा बोलबाला सर्वांत अधिक आहे तो अमेरिकेत. विल्यम्स कॉलेज १७९३ सालचे, ॲमहर्स्ट १८२१ सालचे, स्वार्थमोर १८६४ सालचे. इतकी जुनी कॉलेजे, पण कुठेही विद्यार्थी दोन हजारांच्या फार पुढे नाहीत. एखाद्या धंद्याची तयारी करून देणे हा तिथला मुख्य हेतू नसतो. भाषा, इतिहास, गणित, तत्त्वज्ञान, पदार्थविज्ञान, संगीत असे मूळचे विषय शिकवायचे, आणि विद्यार्थ्याला विचार करायची सवय लावायची, एवढे काम ती करतात. बहुतेक विद्यार्थी तिथेच राहतात. वर्ग लहान असतात. मुलाने लिहिलेला निबंध प्राध्यापक स्वतः वाचतो आणि त्याला समोर बसवून विचारतो, ‘बाबा रे, हे तू कशावरून म्हणतोस?’

या शिक्षणाची ओढ अशी की आज या कॉलेजांत शंभर अर्ज आले तर दहाजणांच्या आतबाहेरच प्रवेश मिळतो. मग लोक त्या आकड्यावरूनच कॉलेजची किंमत करू लागतात. पण शेतकऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. निवडून निवडून टपोरे बी पेरले आणि पीक चांगले आले, तर त्यात बियाण्याचा गुण किती आणि जमिनीचा किती, हे सांगणे अवघड असते. जमिनीची खरी पारख साध्या बियाण्यावर होते.

अमेरिकेतच केंटकी राज्यात बेरिया नावाचे एक लहान कॉलेज आहे. ते १८५५ साली निघाले. गोऱ्यांची आणि काळ्यांची मुले तिथे एकत्र शिकत. १९०४ साली त्या राज्याने कायदा करून हे एकत्र शिकणे बंद पाडले. १९५० साली तो कायदा सैल झाला आणि बेरियाने आपले दार पुन्हा सर्वांना उघडले. हे कॉलेज १८९२ पासून शिकवणीची फी घेत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासाबरोबर कॉलेजचे काही काम करावे लागते. तिथेही निवड होते, नाही असे नाही. पण त्या निवडीत घरची गरिबी ही आडकाठी नसून पात्रता आहे. म्हणजे चाळणी तीच, धरायची कशी ते ज्याने त्याने ठरवायचे.

हा विचार आपल्या मराठवाड्याला नवा नाही. त्याच १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एक कॉलेज सुरू केले. हैदराबाद संस्थान भारतात येऊन दोनच वर्षे झाली होती. मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली झाले, तेव्हा त्याला अजून आठ वर्षे होती. उच्च शिक्षणाची सोय अगदी तुटपुंजी, आणि खेड्यातल्या दलित मुलाला तर ती नसल्यासारखीच. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. बाबासाहेबांनी बांधकामात स्वतः लक्ष घातले. पुढे या कॉलेजला त्यांनी मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन.

या नावांत सारे शिक्षणशास्त्र आले आहे. मिलिंद हा ग्रीक राजा आणि नागसेन हा बौद्ध भिक्षू. राजा प्रश्न विचारतो, भिक्षू उत्तर देतो, राजा पुन्हा शंका काढतो. राजाने शंका काढायला भ्यायचे नाही आणि भिक्षूने त्याच्या राजेपणाला भ्यायचे नाही. चांगल्या कॉलेजात याहून वेगळे काय चालते?

मिलिंद कॉलेजचे दार सर्व जातींना खुले होते. ज्यांच्या घरात आधी कोणी पाटी धरली नव्हती अशी मुले तिथे आली, वसतिगृहात राहिली, वादविवादात उभी राहिली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. तिथे शिकवलेल्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ नियतकालिक चालवले आणि दलित लेखकांच्या कितीतरी जणांना त्यात लिहिते केले. गुणांची यादी लावून दाराशीच थांबवले असते, तर यांतले किती आवाज ऐकू आले असते?

नांदेडचे पीपल्स कॉलेजही १९५० सालचेच. स्वामी रामानंद तीर्थ यांचा त्यामागे हात होता. नरहर कुरुंदकर तिथे १९६३ पासून शिकवू लागले आणि पुढे प्राचार्य झाले. त्याआधी ते शाळेत मास्तर होते, आणि इंटरच्या परीक्षेत त्यांना अपयश आलेले होते. केवळ परीक्षेच्या कागदावरून माणूस निवडायचा ठरवला असता, तर मराठवाडा एका मोठ्या विचारवंत शिक्षकाला मुकला असता.

आता कोणी म्हणेल, मग दार सताड उघडे ठेवले की काम झाले का? नाही. आज ग्रामीण भागातल्या कित्येक कला महाविद्यालयांत जागा रिकाम्या राहतात. प्राध्यापकांना उन्हाळ्यात गावोगाव हिंडून विद्यार्थी गोळा करावे लागतात. नाव कॉलेजात, मुलगा मिरचीच्या वावरात, आणि गाठ एकदम परीक्षेला, असे चित्रही दिसते. आत घेतले आणि शिकवले नाही, तर ते दार उघडूनही बंदच राहिले म्हणायचे. उलट, त्यात मुलाची तीन वर्षे जातात आणि हाती पदवीचा कागद येतो, हा तोटा अधिक मोठा.

म्हणून पालकांनी कॉलेज निवडताना एक दिवस मोडून तिथे जाऊन यावे. यादी किती टक्क्यांना बंद झाली ते मागाहून विचारा. आधी हे बघा, की सकाळी अकराला वर्ग भरलेला आहे का? ग्रंथालयातली पुस्तके मुलांच्या हाती जातात, की कपाटाला कुलूप आहे? दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला विचारा, ‘तुझ्या सरांना तुझे नाव ठाऊक आहे का?’ मुलीसाठी वसतिगृह किंवा वेळेवर येणारी एसटी आहे का, तेही पाहा. बस नाही म्हणून शिक्षण सुटलेल्या मुली आपल्याकडे थोड्या नाहीत. एवढ्या गोष्टी जिथे ठीक असतील, ते कॉलेज तालुक्याचे असले तरी त्याला हलके समजू नका.

आणि शिक्षक मित्रहो, वर्गात पंधराच मुले आली म्हणून आपण उदास होतो. तेवढ्याच पंधरांसाठी अमेरिकेतली माणसे मोठी फी मोजतात. ती पंधरा आपल्याकडे आयती आलेली आहेत. त्यांची नावे पाठ करावीत, त्यांचे लिहिलेले वाचावे, आणि त्यांनी शंका काढली तर तास संपला म्हणून उठू नये. याला अनुदान लागत नाही, नवी इमारतही लागत नाही.