संगणकाची स्मृति आणि जुने भाडेकरू



मुंबईची लोकल गाडी कसाऱ्यास थांबते. तेथून पुढें थळ घाट लागतो, आणि सदतीस फुटांस एक फूट अशा त्या चढणीवर गाडीला जादा इंजिनें जोडून ती इगतपुरीस न्यावी लागते. या घाटांत १९३० सालीं विजेचीं इंजिनें आलीं, तीं १५०० व्होल्टच्या एकाच दिशेनें वाहणाऱ्या प्रवाहावर चालणारीं. पुढें देशभर २५,००० व्होल्टचा, दिशा पालटणारा प्रवाह अधिक सोयीचा ठरला. परंतु जुन्या प्रवाहासाठीं बांधलेलें इंजिन नव्या तारेखालीं चालत नाहीं. म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालणारीं इंजिनें आणि लोकल गाड्या आणाव्या लागल्या, आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर मुंबईपर्यंतचा बदल २०१५ सालीं पुरा झाला.

घरगुती संगणकांनाहि असाच एक घाट चढावा लागला.

संगणकाची स्मृति म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची लांबलचक रांग. १९८१ चा आयबीएम पीसी, १९८४ चा मॅकिन्टॉश, १९८५ चा अमिगा, या यंत्रांत कोणताहि प्रोग्रॅम कोणत्याहि खणांत लिहूं शके. हिशेबाच्या प्रोग्रॅमनें चुकून शेजारच्या खणांत आंकडा टाकला, कीं तेथलें पत्र बिघडे. खुद्द व्यवस्थेच्या खणांत टाकला, तर सारें यंत्रच थिजे. उपाय ठाऊक होता. मोठ्या संगणकांत १९६० नंतरच्या दशकांतच खण कोणाचा आहे हें यंत्र स्वतः तपाशी, आणि आगळीक करणारा प्रोग्रॅम तेवढाच बंद पाडी. इंटेलच्या ८०२८६ या प्रोसेसरांत १९८२ सालीं ही सोय आलीहि होती.

मग ती घरोघर पोंचण्यास वीस वर्षें कां लागलीं? कारण जुने प्रोग्रॅम भिंत नसण्यावरच जगत होते. डॉसवरील प्रोग्रॅम अक्षरें झटपट उमटावींत म्हणून थेट पडद्याच्या स्मृतींत लिहीत. अमिगाची गोष्ट याहून बिकट. तेथें एक प्रोग्रॅम दुसऱ्यास निरोप धाडी तो नक्कल करून नव्हे, तर निरोप ज्या खणांत आहे त्याचा क्रमांक कळवून. त्यामुळेंच तें यंत्र इतकें चपळ होतें. आणि त्यामुळेंच भिंत घालतांच सारा पत्रव्यवहार खुंटला असता. १९९४ सालीं कमोडोर कंपनी बुडाली तोंवर ती भिंत उभी राहिलीच नाहीं.

विंडोज ९५ नें भिंती घातल्या खऱ्या, पण जुन्या भाडेकरूंच्या सोयीसाठीं त्यांत खिंडारें ठेविलीं. पक्क्या भिंतींची विंडोज एनटी १९९३ सालीं निघाली होती. सामान्य घरांत ती एक्सपीच्या रूपानें २००१ सालीं शिरली. त्याच वर्षीं ॲपलनें मॅक ओएस टेन आणली आणि जुन्या प्रोग्रॅमांसाठीं ‘क्लासिक’ नांवाचा एक निराळा वाडा राखून ठेविला. त्यांतील एक प्रोग्रॅम कोसळला तर सारा वाडा कोसळे, पण बाहेरचें यंत्र चालूच राही.

मला ॲपलचा मार्ग अधिक सरळ वाटतो. खिंडार असलेली भिंत घरच्या माणसास खोटा भरंवसा देते. मात्र वाड्यासहि मुदत असते, आणि ती संपली कीं भुर्दंड कंपनीस नव्हे, गिऱ्हाइकास बसतो. ‘क्लासिक’ २००७ च्या आवृत्तींत काढून टाकण्यांत आलें. चौसष्ट बिटांच्या विंडोजवरहि डॉसचे जुने प्रोग्रॅम थेट चालत नाहींत. एखाद्या दुकानदाराचे पंधरा वर्षांचे हिशेब अशा प्रोग्रॅमांत असले, तर भिंत कितीहि चांगली असो, त्याच्या दृष्टीनें त्याची वहीच कोणी कुलूपबंद केली.

डॉसबॉक्ससारखे प्रोग्रॅम आतां नव्या यंत्राच्या पोटांत जुन्या यंत्राचें सोंग उभें करतात, आणि पुष्कळांचें काम त्यावर भागतें. पण फ्लॉपीवरील फाईल तेथवर आणावयास फ्लॉपी वाचणारें साधन हवें. ज्यांच्या घरीं असा जुना संगणक अद्याप चालतो, त्यांनीं आपले हिशेब साध्या मजकुराच्या फाईलींत उतरवून, कागदावरहि छापून घ्यावेत. तें यंत्र सुरूं होतें आहे तोंवरच हें साधेल.