सागरापार रुजलेले शब्द



कालिमंतान बेटावरील कुताई येथे मूलवर्मा राजाचे संस्कृत यूपलेख सापडले. ते इ. स. ४०० च्या सुमाराचे मानले जातात. पुढे सुमात्रात पालेम्बांगजवळच्या शके ६०५, म्हणजे इ. स. ६८३ च्या शिलालेखात प्राचीन मलय भाषाच संस्कृत शब्द अंगावर लेवून उभी राहिलेली दिसते. व्यापारी, भिक्षू आणि पंडित यांच्यासवे गेलेले शब्द त्या भूमीत रुजले, आणि रुजता रुजता त्यांचे अर्थही पालटले.

आज इंडोनेशियात ‘नेगारा’ म्हणजे राष्ट्र आणि ‘देसा’ म्हणजे खेडे. नगर विस्तारले, देश आकसला! ‘चिन्ता’ म्हणजे प्रेम. ज्याच्यावर जीव जडतो त्याचाच विचार मनात घोळतो ना? सत्यापासून झालेला ‘सेतिया’ म्हणजे एकनिष्ठ. ‘सास्त्रा’ म्हणजे साहित्य. मूळचे बौद्ध पंचशील १ जून १९४५ रोजी सुकार्नो यांच्या भाषणातून नव्या राष्ट्राची पाच तत्त्वे म्हणून पुढे आले.

इस्लाम स्वीकारल्यावरही तेथील समाजाने हे शब्द टाकले नाहीत. रमझानच्या रोजाला तो ‘पुआसा’ म्हणतो. तो उपवासच होय. स्वर्ग ‘सुर्गा’ झाला, नरक ‘नेराका’ झाला, आणि फल ‘पाहाला’ होऊन पुण्याच्या अर्थी वापरात आले. धर्माला शब्द ‘आगामा’. धर्म मंत्रालयाच्या ‘केमेन्तेरियान आगामा’ या नावात मंत्री आणि आगम दोघेही नांदत आहेत.

हे ऐकून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या बदललेल्या अर्थांना कोणी अपभ्रष्ट म्हणू लागला, तर त्याने प्रथम मराठीकडे पाहावे. संस्कृतात ‘राग’ म्हणजे अनुराग. मराठीत तो संताप झाला. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे अध्ययन. मराठीत ती दंड झाली. म्हणून मराठी भ्रष्ट ठरत नाही. मग मलय भाषेलाच दोष का द्यावा? अर्थ बदलतो तो शब्द रोजच्या जगण्यात उतरतो म्हणून. न वापरलेला शब्द कोशात जसाच्या तसा राहतो.

‘पुआसा’ म्हणणाऱ्याला तो शब्द उसना वाटत नाही. तो त्याच्या आईच्या तोंडचा शब्द आहे. अशा शब्दावर मालकी सांगता येत नाही, नाते मात्र सांगता येते. ते सांगू इच्छिणाऱ्याने आधी त्या समाजाची भाषा त्याच्याच अर्थाने ऐकावयास शिकले पाहिजे.