पाइपच्या तुकड्यातली वीज आणि आभाळातली वीज

(नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्र-मैत्रिणींनो, टेबलावर मांडलेलं सामान पाहून काही जण हसले. पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, लोकरीचा मफलर, काचेची बरणी, स्टीलची चाळणी आणि टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल. बहुतेक सामान घरातलंच आहे. पण विषय जीवन-मरणाचा आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे अवकाळी येतो, मग जूनची वादळं, आणि सोयाबीनची काढणी चालू असताना परतीचा पाऊस. या दिवसांत 'वीज पडून मृत्यू' ही बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. मरणारी माणसं बहुतेक वेळा रानातली असतात. खुरपणाऱ्या बाया, गुरं राखणारी पोरं, झाडाखाली आडोसा घेतलेले मजूर.

सातवीच्या विज्ञानात 'स्थितिक विद्युत' नावाचा धडा आहे. तो आपण पाठ केला, मार्क मिळवले. आज तो हातांनी वाचू.

आधी एक शब्द. अंबर नावाचा पिवळसर, राळेसारखा पदार्थ असतो. त्याच्या मण्यांच्या तसबीह तुम्ही पाहिल्या असतील. अंबर घासलं की ते गवताची काडी ओढून घेतं. म्हणून फारसीत त्याला 'काहरुबा' म्हणतात. काह म्हणजे गवताची काडी, रुबा म्हणजे हिरावून नेणारा. 'दिलरुबा'मधला रुबा तोच. आज अरबीत विजेला 'कहरबा' म्हणतात, तो शब्द इथूनच आला. ग्रीकमध्ये अंबर म्हणजे 'इलेक्ट्रॉन', त्यावरून इलेक्ट्रिसिटी. म्हणजे एक साधं निरीक्षण दोन भाषांमध्ये विजेचं नाव होऊन बसलं.

आता पहिला प्रयोग. पाइप मफलरने जोरात घासा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्या. कपटे उडून चिकटतात. नळाची बारीक धार सोडून पाइप जवळ न्या, धार वाकते. घासताना लोकरीवरचे इलेक्ट्रॉन पाइपवर गेले, पाइप ऋणप्रभारित झाला. थंडीत जॉर्जेटची ओढणी काढताना केस उभे राहतात आणि चटचट आवाज येतो, तो याच खेळाचा भाग.

हाच प्रयोग जुलैत करून पाहा, बहुतेक वेळा फसेल. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून निसटतो. आत्ता फेब्रुवारीत मराठवाड्याची हवा कोरडी आहे, म्हणून प्रयोग छान जमतोय. तेव्हा प्रयोग फसला की लगेच टाकून देऊ नका. का फसला, ते विचारा.

दुसरा प्रयोग. बरणीच्या प्लास्टिकच्या झाकणातून तांब्याची तार आत सोडली आहे. आतल्या टोकाला पातळ अॅल्युमिनियम फॉइलच्या दोन पट्ट्या लटकवल्या आहेत. याला विद्युतदर्शी म्हणतात. घासलेला पाइप तारेच्या वरच्या टोकावर ओढला की दोन्ही पट्ट्यांना सारखाच प्रभार मिळतो आणि त्या एकमेकींपासून दूर जातात. आता तारेला बोट लावा. पट्ट्या क्षणात मिटल्या. प्रभार शरीरातून जमिनीत गेला.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावायला लोक घाबरतात आणि मोलाची मिनिटं जातात. हात लावा, आधी सुरक्षित जागी न्या. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर दाब देत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. अशी माणसं वाचू शकतात.

तिसरा प्रयोग. थर्माकोल मफलरने घासा. एका स्टीलच्या ताटलीला मधोमध प्लास्टिकचा कप चिकटवला आहे, ती तिची मूठ. ताटली थर्माकोलवर ठेवा, कडेला एकदा बोट लावा, मग मूठ धरून ताटली उचला. आता खोलीत अंधार करा आणि ताटलीजवळ बोट न्या. चट्! बारीक ठिणगी दिसली? कोरड्या हवेत सेंटिमीटरभर ठिणगी उडायला साधारण ३०,००० व्होल्ट लागतात. ही तीन मिलिमीटरची असेल तर नऊ हजारांच्या आसपास. तरी आपण शाबूत आहोत, कारण प्रभार अगदी थोडा आहे. घरच्या प्लगमध्ये फक्त २३० व्होल्ट असतात, पण तिथे विजेचा प्रवाह थांबत नाही. म्हणून हे प्रयोग प्लगच्या आसपास किंवा गडगडाट चालू असताना करायचे नाहीत. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रिखमन नावाचे शास्त्रज्ञ आभाळातल्या विजेचा अभ्यास करताना गेले.

ढगात घासाघीस होते ती बर्फाच्या स्फटिकांची आणि गारांच्या मऊ कणांची. बहुधा ढगाचा खालचा भाग ऋण होतो, आणि मग अफाट मोठी ठिणगी जमिनीपर्यंत येते.

चौथा प्रयोग चाळणीचा. कपट्यांवर चाळणी उपडी घाला, तिला एक बोट लावून ठेवा आणि घासलेला पाइप वर न्या. कपटे हलत नाहीत. धातूच्या वेष्टनाने आतल्या भागाचं रक्षण केलं. म्हणूनच काचा बंद असलेली, पत्र्याच्या टपाची मोटार किंवा एसटी बस सुरक्षित. मोटरसायकल नाही, उघडा ट्रॅक्टर नाही, शेतातलं चारी बाजूंनी उघडं शेड नाही, आणि झाड तर नाहीच.

आता हिशेब. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडू नका. रानात अडकलात तर झाड, विजेचा खांब, तारेचं कुंपण यांपासून लांब, एकमेकांत अंतर ठेवून, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा. आडवं पडू नका, कारण पडलेल्या विजेचा प्रवाह जमिनीतूनही पसरतो. गुरांचे पाय लांब-लांब असतात, म्हणून ती जास्त मरतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' अॅप फोनवर घ्या. ते जवळपास पडणाऱ्या विजांचा इशारा देतं. मोबाईल वीज ओढतो, ही अफवा आहे.

पायाळू माणसावर वीज पडते, असं अजूनही ऐकू येतं. आपल्या बरणीने कुणालाच विचारलं नाही, तू जन्मताना डोकं आधी आलं की पाय. उंच काय आहे आणि जमिनीकडे सोपी वाट कुठली, एवढंच विजेला लागू. आणि कुणी म्हणालं, जे नशिबात असेल ते होईल, तर त्यांना अदबीने सांगा, तवक्कलच्या आधी उंट बांधायचा असतो.

संविधानाच्या कलम ५१क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. १९७६ सालच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते आलं. हक्कांसाठी आपण जमतो, जमलंच पाहिजे. हे कर्तव्यही आपलंच आहे, आणि ते पार पाडायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून एक काम देतो. अवकाळी सुरू व्हायच्या आत प्रत्येकाने एका गावात जायचं. शाळेत, मोहल्ल्यात, शेतमजूर बायांच्या गटात हे चार प्रयोग करायचे. पाइप आधी त्यांच्या हातात द्यायचा, बोलायचं नंतर. उर्दूत, मराठीत, दखनीत, ज्यांना जे कळेल त्यात. आणि निघताना एवढं नक्की विचारायचं: गडगडाट झाला तर तुम्ही कुठे जाल? उत्तर 'झाडाखाली' आलं, तर पुन्हा बसायचं.