प्रायोजकाची जर्सी आणि गावचे मैदान

(पेडगाव, जि. परभणी येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



खेळाला आश्रय लागतो, ही गोष्ट जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला, कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभारले. संस्थाने गेली तेव्हा हा भार लोकांनी उचलला. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले, तेव्हा राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. बाकीचा खर्च वर्गणीतून भागला. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक या पैशावर आले. लोकाश्रय तो हाच.

आज खेळाच्या दाराशी तिसरा आश्रयदाता उभा आहे, तो म्हणजे बाजार. ही केवळ भारताची कथा नाही. आयर्लंडमधील गेलिक खेळांची संघटना १८८४ साली स्थापन झाली. तिचे खेळाडू आजही मानधनाविना आपापल्या परगण्यासाठी खेळतात. तरीही मेयो परगण्याच्या जर्सीवर एल्व्हरीज या क्रीडासाहित्याच्या दुकानसाखळीचे नाव वर्षानुवर्षे झळकले. खेळाडूचा घाम फुकट आणि त्याच्या छातीवरची जागा मात्र विक्रीला, असा हा व्यवहार. डेकॅथ्लॉन ही फ्रेंच साखळी भारतातील मोठ्या शहरांत पोहोचली आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वयंसेवकांचा गणवेश तिनेच पुरविला. मैदानावर नाव आणि दुकानात माल, या दोन्ही एकाच धंद्याच्या बाजू आहेत.

महाराष्ट्राच्या मातीतील कबड्डीही याच वाटेने गेली. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पुढे एका चिनी मोबाइल कंपनीचे नाव तिच्या नावाला जोडले गेले. या लीगमुळे शेतकरी-कष्टकऱ्यांच्या मुलांना पैसा आणि मान मिळाला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. प्रश्न निराळा आहे. तो पैसा कोठवर झिरपतो? लीगची मालकी खासगी कंपनीकडे आहे. खेळ मातीवरून मॅटवर गेला. मॅटची किंमत गावच्या वर्गणीत बसत नाही. खेळाडू घडविणारे गाव मात्र हिशेबाच्या वहीत कोठेच नाही.

शिवाय हा आश्रय भरवशाचाही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदी आणली आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम११ चे नाव उतरले. क्रिकेटला काही आठवड्यांत दुसरा प्रायोजक मिळाला. तालुक्याच्या खो-खो संघाला तो कोण शोधून देणार? प्रायोजक खेळाकडे पाहत नाही, तो प्रेक्षकांची संख्या मोजतो. जेथे कॅमेरा नाही, तेथे त्याची थैली उघडत नाही.

परभणी जिल्ह्याची काळी जमीन कापूस पिकविते. पण प्रायोजकाची चकचकीत जर्सी बहुधा पॉलिएस्टरची, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या धाग्याची असते. येथील मुलाने ती विकत घ्यावी, अंगावर कंपनीची जाहिरात मिरवावी आणि बापाच्या कापसाला तीत जागाही नसावी! ग्राहक गावचा, नफा परक्याचा, हे या आश्रयाचे खरे अर्थशास्त्र आहे.

सरकारला हा फरक ठाऊक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आणि त्या कामांत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश केला. जाहिरातीच्या लाभासाठी दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही, असेही नियमांत २०२१ साली स्पष्ट झाले. म्हणजे प्रायोजकत्व हा धंदा आहे, दानधर्म नव्हे, हे कायद्यानेच मान्य केले आहे. तेव्हा प्रायोजकाच्या पायाशी कृतज्ञतेने वाकण्याचे कारण नाही.

मग पर्याय कोणता? ओडिशा सरकारने २०१८ पासून भारतीय हॉकी संघांचे प्रायोजकत्व सार्वजनिक पैशातून उचलले. टोकियोत पुरुष संघाने ४१ वर्षांनंतर ऑलिंपिक पदक मिळविले. केवळ पैशाने पदक येत नाही. परंतु लोकनियुक्त शासन मनात आणील तर खेळाचा पालक होऊ शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या गावोगाव न्याव्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य सांगितले आहे, त्याची तपासणी व्हावी. जिल्ह्यात धंदा करणाऱ्या कंपन्यांनी २ टक्क्यांतील वाटा येथील ग्रामीण खेळांवर खर्चावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे यावा. गावच्या मैदानाची सार्वजनिक जागा कोणत्याही निमित्ताने खासगी हाती जाऊ नये, तसा ठराव ग्रामसभेने करावा. आणि त्या मैदानावर मुलींची वेळ मुलांइतकीच हक्काची असावी.

घर गहाण ठेवणाऱ्या प्राचार्यांचा त्याग थोर होता. पण प्रत्येक पिढीत कोणी तरी घर गहाण टाकावे, ही समाजाची व्यवस्था असू शकत नाही. आणि खेळाडूची छाती भाड्याने द्यावी, ही तर मुळीच नाही. मैदान लोकांचे असेल, तरच खेळ लोकांचा राहील.